बनारसमध्ये विचारलेला प्रश्न

इंजिनिअरिंगला असताना आम्हाला ‘भारतीय राज्यघटना’ नावाचा एक विषय होता. त्याचे मार्क टोटलमध्ये धरत नसत, नुसतं पास व्हायचं. परीक्षेच्या आदल्या रात्री पीडीएफ उघडायची, ‘केशवानंद भारती, १९७३, १३ न्यायाधीश, मूलभूत चौकट’ एवढं पाठ करायचं आणि पेपर देऊन विसरायचं. ही मूलभूत चौकटीची कल्पना न्यायालयात पोहोचण्याच्या कितीतरी आधी एका जर्मन मास्तरांनी बनारसला येऊन मांडली होती, हे मला नोकरी लागून पाच वर्षं झाल्यावर कळलं.

त्यांचं नाव डीट्रिश कॉनराड. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत कायद्याचा विभाग सांभाळलेले अभ्यासक. फेब्रुवारी १९६५मध्ये त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठाच्या कायदा विभागात व्याख्यान दिलं. विषय होता, घटनादुरुस्तीच्या अधिकाराला काही अध्याहृत मर्यादा आहेत का?

तेव्हा आपल्याकडचं उत्तर जवळपास ठरलेलं होतं. १९५१च्या शंकरीप्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की, कलम ३६८ची प्रक्रिया पाळली तर संसद घटनेत कुठलीही दुरुस्ती करू शकते, मूलभूत हक्कांतसुद्धा. १९६४च्या सज्जनसिंग खटल्यातही बहुमत तेच म्हणालं. त्यात न्या. मुधोळकरांनी मात्र शंका काढून ठेवली होती: घटनेचं एखादं मूलभूत वैशिष्ट्यच बदललं, तर त्याला दुरुस्ती म्हणायचं की नवी घटना लिहिणं?

कॉनराड यांनी ही शंका टोकाला नेली. दोन तृतीयांश बहुमत हातात असलं तर कलम २१ काढून टाकून, कायद्याच्या आधाराशिवाय माणसाचा जीव घेता येईल का? आपलं बहुमत घसरतंय असं दिसल्यावर सत्ताधारी पक्ष कलम ३६८ बदलून, दुरुस्तीचा अधिकार पंतप्रधानांच्या सल्ल्याने चालणाऱ्या राष्ट्रपतींना देऊ शकेल का? घटनाच रद्द करून मुघल बादशाही किंवा इंग्लंडच्या राजाचं राज्य परत आणता येईल का?

आज हे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवरच्या वादासारखे वाटतील. पण विचारणारा जर्मन होता. वायमार प्रजासत्ताकाच्या घटनेत कलम ७६नुसार दोन तृतीयांश बहुमताने दुरुस्ती करता येत असे, आणि प्रक्रिया पाळली की काहीही बदलता येतं, असं तिथले बहुतेक घटनापंडित मानत. २३ मार्च १९३३ रोजी राइशस्टागने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी हिटलरच्या सरकारला स्वतःच कायदे करण्याचा अधिकार दिला. कम्युनिस्ट खासदारांना सभागृहात येऊच दिलं नव्हतं, बाहेर दहशत होती. पण कागदावर दोन तृतीयांशाची अट पुरी झाली. म्हणून १९४९च्या जर्मन घटनेत कलम ७९(३) आलं. मानवी प्रतिष्ठा, लोकशाही, संघराज्य या तत्त्वांना दुरुस्तीनेही हात लावता येत नाही.

आपल्या घटनेत असं कलम नाही. कॉनराड यांचं म्हणणं असं की, ते लिहिलेलं नसलं तरी मर्यादा आहेच. दुरुस्तीचा अधिकार घटनेतूनच येतो, मग तो घटनेचे आधारखांब कसे पाडणार? बसलेली फांदी तोडायला कुऱ्हाड दिलेली नसते. माझ्या कामातही सिस्टीमचा रूट अ‍ॅक्सेस मिळतो तो ती चालवायला, पुसून टाकायला नव्हे.

या विचाराचं मूळ फार स्वच्छ नाही. दुरुस्तीला मर्यादा असते, हे १९२८मध्ये मांडणारा कार्ल श्मिट १९३३मध्ये स्वतःच नाझी पक्षात गेला. कल्पना बरोबर असून भागत नाही, ती धरून ठेवणारा माणूस लागतो, हे मला इथे पहिल्यांदा जाणवलं.

कॉनराड यांचं व्याख्यान ज्येष्ठ वकील एम. के. नंबियार यांच्या हाती आलं आणि त्यांनी गोलकनाथ खटल्यात ते न्यायालयापुढे मांडलं. १९६७च्या निकालात सरन्यायाधीश सुब्बा राव म्हणाले की युक्तिवादात दम आहे, पण आत्ता त्यावर निर्णय देण्याची गरज नाही. पुढे केशवानंद खटला ६८ दिवस चालला. एका बाजूला मुंबईचे नानी पालखीवाला, दुसऱ्या बाजूला केरळ सरकारतर्फे मुंबईचेच एच. एम. सीरवाई. युक्तिवाद संपले २३ मार्च १९७३ला, म्हणजे राइशस्टागच्या त्या मतदानानंतर बरोबर ४० वर्षांनी. २४ एप्रिलला ७ विरुद्ध ६ असा निकाल लागला. ज्यांच्या मताने पारडं फिरलं, त्या न्या. एच. आर. खन्नांनी आपल्या निकालपत्रात कॉनराड यांचा आधार घेतला.

इथे गोष्ट संपली असती तर ती गोड झाली असती. पण १९७५ला आणीबाणी आली. कलम २१ कोणी घटनेतून काढलं नाही. राष्ट्रपतींच्या आदेशाने त्यासाठी कोर्टात दाद मागण्याचा हक्क तेवढा स्थगित केला. एडीएम जबलपूर खटल्यात न्या. खन्नांनी अ‍ॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं की, पोलिसाने वैरापोटी एखाद्याला मारलं तर? आणीबाणी असेपर्यंत न्यायालयात उपाय नाही, असं उत्तर आलं. बनारसमधला काल्पनिक प्रश्न ११ वर्षांत खरा होऊन समोर आला होता. २८ एप्रिल १९७६ला ४ विरुद्ध १ असा निकाल लागला. एकटे खन्ना विरोधात उभे राहिले, आणि त्याची किंमत म्हणून त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. कलम २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने झाली.

निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी, न लिहिलेल्या तत्त्वावर संसदेची दुरुस्ती का रद्द करावी, हा आक्षेप आजही घेतला जातो आणि तो पोकळ नाही. १९७६ला बहुमताच्या बाजूला न्यायाधीशच होते. मूलभूत चौकट आपोआप वाचवत नाही. ती वेळ विकत घेऊन देते, एवढंच. त्या वेळात काय करायचं, ते माणसांवर असतं.

ते पीडीएफ मी परवा ड्राइव्हवर शोधून पुन्हा उघडलं. केशवानंद आहे, १३ न्यायाधीश आहेत, उत्तर चार ओळींत आहे. प्रश्न विचारणारे मास्तर त्यात कुठेच नाहीत.