तक्रार कुठे करायची? ग्राहक कायद्याचा एक प्रवास

चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, १९८५ साली ‘कॅग’ ही ग्राहकांच्या व नागरिकांच्या हक्कांसाठी काम करणारी संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षी ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ संमत झाला. मात्र त्याच्या कलम ११ नुसार, विक्रेत्याचा व्यवसाय वा शाखा असेल किंवा वादकारण घडले असेल, तिथेच तक्रार करावी लागे. दुकान शेजारच्या गल्लीत होते तोवर ही अट जाचली नाही. ऑनलाइन खरेदीत ग्राहक चेन्नईत आणि विक्रेता गुरुग्राममध्ये असे. मग वादकारण नेमके कुठे घडले, यावरच वाद होई. लहान रकमेसाठी तो लढणे परवडत नसे.

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या अधिनियमाने कलम ३४ मध्ये तक्रारदाराचे राहण्याचे वा कामाचे ठिकाणही ग्राह्य धरले. कलम ३७ ने मध्यस्थीची आणि कलम ३८ ने दूरदृश्य सुनावणीची वाट खुली केली. सप्टेंबर २०२० पासून ‘ई-दाखिल’ टप्प्याटप्प्याने राज्यांत पोहोचले. अशा रीतीने अंतराचा भार ग्राहकाकडून विक्रेत्याकडे सरकला. विलंबाचा प्रश्न मात्र उरतो: साध्या तक्रारीचा निकाल ३ महिन्यांत लावण्याचे उद्दिष्ट आयोगांतील रिक्त पदे भरल्याशिवाय केवळ संगणकाने गाठता येणार नाही.