शेवाळ नेमकं कुणाच्या घरचं?

नववीत मी पेपरात लिहिलं होतं, 'सर्व शैवालं वनस्पती आहेत.' पूर्ण मार्क मिळाले. अकरावीत तेच वाक्य लिहिलं, तर लाल फुली! तेव्हा वाटलं, दोघी बाईंपैकी एक चुकतेय. पण गंमत अशी, की गेली अडीचशे वर्षं हे उत्तरच बदलत आलंय.

1753 साली लिनियसने वनस्पतींची मोठी यादी छापली. फुलं न दिसणाऱ्यांचा त्याने शेवटी एक गट केला आणि शैवालं त्यात टाकली. तेव्हा घरं दोनच होती, वनस्पती आणि प्राणी.

मग सूक्ष्मदर्शकाखाली आली युग्लिना. रंगाने हिरवी, पण शेपटीसारखा धागा हलवत पोहणारी. वनस्पतीवाले म्हणाले आमची, प्राणीवाले म्हणाले आमची. शेवटी 1866 मध्ये हेकेलने तिसरं घर बांधलं, प्रोटिस्टा.

पुढे 1969 मध्ये व्हिटाकरने पाच सृष्टी मांडल्या. आपण शाळेत पाठ केल्या त्याच! केंद्रक नसलेली निळी-हिरवी शैवालं गेली मोनेरात, एकपेशीय बरीचशी प्रोटिस्टात, आणि मोठी हिरवी, लाल, तपकिरी राहिली वनस्पतींत. म्हणजे नाव एक आणि घरं तीन. माझी लाल फुली इथली, बरं का.

पण खरा धक्का त्याच्या दोन वर्षं आधीच बसला होता. लिन मार्ग्युलिसचा लेख डझनभराहून जास्त नियतकालिकांनी परत पाठवला होता. तो अखेर 1967 मध्ये छापून आला. तिचं म्हणणं असं, की पानातलं हरितलवक हा एकेकाळी स्वतंत्र जिवाणू होता. दुसऱ्या पेशीने त्याला गिळलं, पण पचवलं नाही. 1905 मध्ये मेरेश्कोव्स्की या रशियन शास्त्रज्ञानेही हेच सुचवलं होतं, पण फार कुणी मनावर घेतलं नाही. 1970 च्या दशकात हरितलवकाचा आरएनए तपासला, तर तो निळ्या-हिरव्या जिवाणूंशी जुळला!

तपकिरी शैवालांनी तर अख्खं लाल शैवालच गिळलेलं. म्हणून 1981 मध्ये कॅव्हेलियर-स्मिथने त्यांना डायटम्ससोबत क्रोमिस्टा या वेगळ्या सृष्टीत नेलं. तेही सगळ्यांना पटलेलं नाही. पण एवढं नक्की, की मालवणच्या खडकांवरचं सरगॅसम डायटमचं जवळचं नातेवाईक आहे, शेजारच्या माडाचं नाही. माडाची खरी भावकी म्हणजे हिरवी शैवालं.

मला यातून एक कळलं. 'शैवाल' हे आडनाव नाहीच, तो धंदा आहे: बहुतेक पाण्यात राहायचं आणि उन्हावर जेवण रांधायचं. वेगवेगळ्या घराण्यांनी तो उचलला. आणि ज्या निळ्या-हिरव्यांना आपण शैवालांतून बाहेर काढलं, त्यांचे वंशज आज प्रत्येक हिरव्या पानात बसून आपलं जेवण बनवतायत.

तेव्हा पेपरात पुस्तकातलंच लिहा, मार्क महत्त्वाचे! पण लाल फुली मिळालीच, तर ती कुठल्या सालातली आहे, हे जरूर विचारा. भेटू पुढच्या भागात.