दस्तरखानावरचा चरक

आयुर्वेद हिंदूंचा, युनानी मुसलमानांची आणि सुई-इंजेक्शनचे वैद्यक इंग्रजांचे, अशी एक वाटणी आपण सर्वांनी मिळून करून टाकली आहे. ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी कुणाला शंकाही येत नाही. आता तर ही वाटणी ताटापर्यंत येऊन पोहोचली आहे. सात्त्विक, शाकाहारी, कांदा-लसूण वर्ज्य असलेले जेवण म्हणजे आयुर्वेदिक जेवण. आणि गोश्त खाणाऱ्याचा आयुर्वेदाशी संबंध नाही, असे शहरातले सुशिक्षितही बोलू लागले आहेत. दुसऱ्या बाजूने आपल्या मोहल्ल्यातही 'ते त्यांचे शास्त्र' असे म्हणून विषय संपवला जातो. आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना तासीर, मिजाज, परहेज हे शब्द घरूनच ठाऊक असतात. पण पथ्य, प्रकृती, दोष हे मराठीच्या पुस्तकातले शब्द त्याच घराण्यातले आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. इतिहास मात्र वेगळेच सांगतो, आणि तो दोन्ही बाजूंनी ऐकून घेण्यासारखा आहे.

प्रथम चरकसंहितेत आहाराविषयी काय आहे ते पाहू. ख्रिस्ती सनाच्या पहिल्या काही शतकांत या ग्रंथाला आकार आला आणि पुढे दृढबलाने त्याची पूर्तता केली. त्याच्या सूत्रस्थानातला सत्ताविसावा अध्याय 'अन्नपानविधी' या नावाचा आहे. त्यात धान्ये, डाळी, भाज्या, फळे, दूध, मद्य, पाणी यांचे वर्ग पाडले आहेत. त्यांच्याच पंक्तीला मांसवर्गही आहे. कोणते मांस पचायला हलके, कोणते जड, कोणत्या प्राण्याचे कोणाला मानवते, याची तेथे सविस्तर चर्चा आहे. अशक्त आणि क्षीण झालेल्या माणसाला मांसरस द्यावा असे चरक सांगतो. आपण ज्याला आळणी रस्सा किंवा यखनी म्हणतो, त्याचाच हा पूर्वज. रोज खाण्याजोग्या पदार्थांची एक यादी पाचव्या अध्यायात आहे. त्यात साठी आणि साळीचे तांदूळ, मूग, सैंधव, आवळा, जव, पावसाचे पाणी, दूध, तूप, मध यांच्याबरोबर कोरड्या प्रदेशातल्या प्राण्यांचे मांसही येते. उलट दही, उडीद आणि मासे हे रोज खाऊ नयेत, असे तेथेच म्हटले आहे.

लसणाची गोष्टही अशीच. १८९० साली मध्य आशियात कुचा येथे भूर्जपत्रांची एक जुनी पोथी सापडली. ती बॉवर हस्तलिखित या नावाने ओळखली जाते. तिचा पहिलाच भाग लसणाच्या गुणांवर आहे. ब्राह्मणांनी लसूण खाऊ नये हा धर्माचा नियम होता, आणि तो पाळणाऱ्यांविषयी आदरच असावा. पण लसूण औषधी आहे हे वैद्यांनी कधी नाकारले नाही. धर्मशास्त्राचा नियम आणि वैद्यकाचा सल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे भान त्या जुन्या लोकांना होते.

मग आयुर्वेदातला समतोल आहार म्हणजे काय? एका वाक्यात सांगायचे तर, सर्वांना लागू पडेल असे एकच ताट आयुर्वेदाने कधी मांडले नाही. चरकाने विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात अन्नाचा विचार करताना आठ गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत. पदार्थाचा मूळ गुण, त्यावर केलेला संस्कार, म्हणजे तो भिजवला, भाजला की शिजवला, कशाबरोबर खाल्ला, किती खाल्ला, कोणत्या प्रदेशात, कोणत्या ऋतूत आणि वेळी, खाण्याचे नियम, आणि शेवटी खाणारा माणूस. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट हे सहा रस वात, पित्त, कफ यांना कमीजास्त करतात. म्हणून एकाला जे मानवते ते दुसऱ्याला बाधते. पहिले जेवण पचल्यावरच दुसरे घ्यावे, ताजे आणि गरम खावे, फार घाईने खाऊ नये, फार रेंगाळू नये, मन अन्नावर असावे, असे साधे नियम त्यात आहेत. अग्नी म्हणजे पचनशक्ती सांभाळा, हे त्या साऱ्याचे सार.

पुढच्याच अध्यायात चरक पोटाचे तीन भाग कल्पितो. एक घन अन्नासाठी, एक द्रव पदार्थांसाठी आणि एक वात-पित्त-कफांना वावरायला मोकळा. हे वाचताना कोणाही मुसलमान वाचकाला तिर्मिजी शरीफमधली हदीस आठवल्याशिवाय राहणार नाही. तिच्यातही पोटाचा एक तृतीयांश भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा, असा उपदेश आहे. वाग्भटाने हेच प्रमाण चार भागांत सांगितले. दोन अन्नाचे, एक पाण्याचा, एक मोकळा. कोणी कोणाकडून घेतले हा वाद येथे घालण्याचे कारण नाही. भरल्या पोटाचे दुखणे अरबस्तानात आणि हिंदुस्थानात सारखेच होते, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

जेथे देवाणघेवाण झाली आहे, तेथे ती लेखी नोंदींसह झाली आहे. खलिफा हारून रशीद याच्या काळात (७८६ ते ८०९) बगदादला बर्मकी घराण्याचे वजीर होते. हे घराणे मूळचे बल्खच्या नवबहार या बौद्ध विहाराशी संबंधित. त्यामुळे हिंदी विद्येविषयी त्यांना ओढ होती. यह्या बर्मकीच्या आज्ञेवरून मनका नावाच्या हिंदी वैद्याने सुश्रुताचा ग्रंथ समजावून दिला. चरकाचा ग्रंथ आधी फारसीत गेला आणि तेथून अब्दुल्ला इब्न अली याने तो अरबीत आणला. दहाव्या शतकाच्या अखेरीस इब्न नदीमने 'फिहरिस्त' ही आपली प्रसिद्ध ग्रंथसूची तयार केली. तिच्यात या दोन्ही भाषांतरांची नोंद आहे.

यापुढचे नाव अली इब्न रब्बन तबरी यांचे. त्यांनी इ. स. ८५० मध्ये 'फिर्दौसुल हिकमत' हा वैद्यकाचा मोठा ग्रंथ पूर्ण केला. ग्रंथ ग्रीक पद्धतीचा, पण त्याच्या शेवटी हिंदी वैद्यकावर ३६ प्रकरणे आहेत. चरक, सुश्रुत, माधवाचे निदान आणि वाग्भटाचे अष्टांगहृदय यांचा आधार त्यांनी घेतला. ग्रीक मत आणि हिंदी मत जेथे जुळत नाही तेथेही त्यांनी हिंदी मत वाचकापुढे ठेवले. पुढे राझी यांनी आपल्या 'अल-हावी' या विशाल ग्रंथात 'हिंदी शरक' म्हणजे चरकाचे दाखले दिले. अल-बिरुनी यांनीही इ. स. १०३० च्या सुमारास लिहिलेल्या 'किताबुल हिंद'मध्ये चरकाच्या ग्रंथाचा आणि बर्मकींसाठी झालेल्या भाषांतराचा उल्लेख केला.

ग्रंथ विसरले गेले तरी शब्द टिकून राहतात. युनानी दवाखान्यात मिळणारे इत्रीफल म्हणजे आपला त्रिफळा. हलीला म्हणजे हरीतकी, हिरडा. फिलफिल हा शब्द पिप्पलीपासून, सुक्कर हा शर्करेपासून आलेला. जन्नतमधल्या पेयाच्या वर्णनात कुराणात ज्या जंजबीलचा, म्हणजे सुंठीचा, उल्लेख येतो, तो शब्दही प्राचीन हिंदी भाषांतल्या शृंगवेर-सिंगिवेर या शब्दांशी नाते सांगतो. हे नाते मराठीतही आहे. चरक आजाऱ्याला मंड, पेया, विलेपी अशा क्रमाने पातळापासून घट्टाकडे नेतो. त्यातली पेया म्हणजे कोकणातली पेज. युनानी हकीम आजाऱ्याला आश-ए-जौ म्हणजे जवाचे पाणी देतात. भांडी वेगळी, पण विचार एकच.

मात्र ही दोन शास्त्रे एकच आहेत असे आम्हांला म्हणायचे नाही. युनानीचा पाया हिप्पोक्रेटस आणि गॅलनचा. तेथे रक्त, बलगम, सफरा, सौदा असे चार खिल्त आहेत. आयुर्वेदात दोष तीन, आणि रक्त हे दोषांत नसून धातूंत गणले जाते. युनानीत अन्नाची तासीर उष्ण, थंड, ओली, कोरडी अशी दर्जे लावून मोजतात. आयुर्वेद रस, वीर्य, विपाक असा हिशेब करतो. परंतु औषधाआधी आहार सुधारा, यावर दोघांचे एकमत आहे. इब्न सीना यांनी 'कानून'मध्ये थोडी भूक शिल्लक असतानाच हात आखडता घ्यावा असा सल्ला दिला. युनानीत 'इलाज बिल गिजा', म्हणजे आहाराने उपचार, ही एक स्वतंत्र शाखाच मानली जाते.

हिंदुस्थानात आल्यावर ही ओळख आणखी घट्ट झाली. इब्न बतूताने चौदाव्या शतकात येथे मूग आणि तांदळाची खिचडी तुपाबरोबर न्याहारीला खातात हे पाहिले आणि लिहून ठेवले. सिकंदर लोदीचा वजीर मियाँ भुवा याने १५१२ मध्ये संस्कृत वैद्यकग्रंथांच्या आधारे 'मादनुश्शिफा सिकंदरशाही' हा फारसी ग्रंथ सिद्ध केला. त्याचे कारण मोठे मार्मिक आहे. युनानी वैद्यक येथील लोकांच्या प्रकृतीला जसेच्या तसे मानवत नाही आणि त्यातल्या औषधींची नावेही येथे ओळखीची नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. देश आणि खाणारा माणूस पाहा, असे चरकाने सांगितले होते. मियाँ भुवाने तेच ओळखले. सुश्रुताने राजाच्या स्वयंपाकघरावर वैद्याची देखरेख असावी असे सांगितले आहे. अकबराच्या मुदपाकखान्याची जबाबदारी हकीम हुमाम यांच्यावर होती. 'आईन-ए-अकबरी'त या मुदपाकखान्यातल्या पदार्थांचे तीन वर्ग दिले आहेत आणि त्यांतला पहिला वर्ग मांसविरहित पदार्थांचा आहे. खिचडीचे प्रमाणही तेथे आहे. तांदूळ, डाळ आणि तूप, प्रत्येकी पाच शेर!

आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. इतिहासकार म्हणून प्रसिद्ध असलेला फिरिश्ता बालपणी वडिलांबरोबर अहमदनगरला आला, निजामशाहीत वाढला आणि १५८९ मध्ये विजापूरला इब्राहिम आदिलशहाच्या (दुसरा) आश्रयाला गेला. त्याने हिंदी वैद्यकावर 'दस्तूरुल अतिब्बा' हा फारसी ग्रंथ लिहिला, हे फार थोड्यांना माहीत असते. विसाव्या शतकात या दोन्ही पद्धतींवर एकाच वेळी संकट आले. सरकारी मान्यता फक्त पाश्चात्त्य वैद्यकाला मिळू लागली. तेव्हा मराठी वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ मध्ये नाशिकला वैद्यांचे संमेलन भरवले. हकीम अजमल खान यांनी १९१० मध्ये दिल्लीला वैद्य आणि हकीम यांची एकत्र परिषद बांधली. त्यांच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते झाले. एकाच छपराखाली वैद्य आणि हकीम शिकू लागले. महाराष्ट्रातही १९६१ च्या एकाच कायद्याने वैद्य आणि हकीम या दोघांची नोंदणी झाली. कायद्याला जे एकत्र बसवता आले ते आपल्या मनाला का जमू नये?

आजचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. हा आजार मंदिर-मशीद पाहत नाही. आपल्या शादीच्या दावतीत बिर्याणीवर कोरमा, त्यावर मिठाई आणि वर थंड पेयाची बाटली. रमजानमध्ये दिवसभर रोजा आणि इफ्तारला तळणाचे डोंगर! रोजाचे आरोग्याला होणारे फायदे आपण वाजगाजत सांगतो, पण मगरीबनंतर तृतीयांशाचा हिशेब विसरतो. दुसरीकडे बाजारात आयुर्वेदाच्या नावाने डबे आणि पाकिटे आली आहेत. २०२२ मध्ये 'आयुर्वेद आहार' या नावाने विकल्या जाणाऱ्या पदार्थांसाठी सरकारला नियमही करावे लागले. पाकिटावर वजन छापता येते, घटक छापता येतात. पण खाणारा कोण, त्याची भूक किती, ऋतू कोणता, हे छापता येत नाही. चरकाच्या आठ गोष्टींतली शेवटची गोष्ट पाकिटाबाहेरच राहते.

जुन्या ग्रंथात आहे म्हणून सारेच खरे, असे मानणेही बरोबर नाही. आज आपल्या प्रत्येक हांडीत पडणारी मिरची, बटाटा आणि टोमॅटो अमेरिकेतून आलेले. त्यांची चरकाला गंधवार्ता नव्हती. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांची तपासणी आणि गोळ्या सोडून केवळ पथ्यावर विसंबू नये. पण भूक लागल्यावर खावे, भूक ठेवून उठावे, ऋतू पाहून खावे, हे सांगायला कोणत्याही धर्माच्या परवानगीची गरज नाही.

आमचे म्हणणे इतकेच की मुलांना हा इतिहास शिकवावा. उर्दू शाळेत इब्न सीना शिकवताना चरकाचे नाव घ्यावे, आणि मराठी शाळेत चरक शिकवताना बगदादच्या भाषांतरकारांचे व मियाँ भुवाचे नाव घ्यावे. ज्या मुलाला इत्रीफल आणि त्रिफळा एकच आहेत हे कळले, त्याला शेजारच्या घरातले ताट परके वाटणार नाही. आणि घरात जेवायला बसताना पोटाचा एक भाग मोकळा ठेवण्याची सवय त्याला लागली, तर बगदादला आणि दिल्लीला झालेली ती सारी मेहनत त्याच्याही कामी येईल.