काळ्यावर सोनेरी

पांढऱ्यावर काळें करणें म्हणजेच लिहिणें, असा संकेत आपल्या भाषेंत रूढ आहे. मुलांची पाटी सोडली, तर याच्या उलट प्रकार आपल्या नजरेस क्वचितच पडतो. युरोपांत मात्र हा उलटा मार्ग बुद्ध्या पत्करणारे लोक होऊन गेले.

सहाव्या शतकाच्या आरंभीं, बहुधा राव्हेना येथें, थिओडोरिक राजाच्या अमदानींत गॉथिक भाषेंतील शुभवर्तमानांची एक पोथी तयार झाली. तिचें चर्मपत्र जांभळें, अक्षरें चांदीचीं व कांहीं ओळी सोन्याच्या. मूळच्या ३३६ पानांपैकीं १८८ आज शिल्लक असून एक वगळतां सर्व स्वीडनमध्यें उप्साला येथें आहेत. असल्या पोथ्यांवर चवथ्या शतकाच्या अखेरीसच संत जेरोमनें कोरडे ओढले होते. दाराशीं गरीब उघडा मरत असतां चर्मपत्रें रंगवून त्यांवर सोनें वितळविण्याची त्याला चीड होती. पाठ शुद्ध असेल तर साधीं पानें त्याला पुरत. धनिकांनीं त्याचें ऐकलें नाहीं, हें सांगावयास नकोच.

या हौसेची परमावधि पंधराव्या शतकांत बर्गंडीच्या दरबारीं झाली. १४१९ मध्यें माँतेरो येथील पुलावर ड्यूक जॉनचा खून झाला. त्याचा मुलगा फिलिप यानें सुतकाचा काळा वेष धारण केला व पुढें तोच ठेवला. धन्याचें सुतक म्हणजे दरबाऱ्यांची फॅशन! काळें कापड उत्तम रंगविणें खर्चाचें काम असल्यामुळें त्यांत वैभवही दिसे. वस्त्रांचा हा रंग लवकरच प्रार्थनापुस्तकांतही उतरला. ब्रूझ येथें सुमारें १४७५ च्या सुमारास तयार झालेलें असें एक पुस्तक न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयांत आहे. काळ्याभोर पानांवर चांदीसोन्याच्या शाईनें लिहिलेलीं तीं अक्षरें मेणबत्तीच्या उजेडांत कशी चमकत असतील, याची कल्पना करावी. वाचण्यापेक्षां तीं पाहण्यासाठींच होतीं, असें मला वाटतें.

परंतु दोष रंगांतच होता. साध्या पोथींत लोहयुक्त शाई अक्षरापुरतीच लागे. येथें लोहयुक्त काळ्या रंगांत सबंध कातडें भिजविलेलें. असा रंग चर्मपत्र आंतून खातो, पान ठिसूळ होऊन तडकतें. चांदी काळवंडली, तर काळ्यावर काळें एवढेंच उरावयाचें. म्हणून असलीं पुस्तकें आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच राहिलीं आहेत. त्याच काळांतील साधीं प्रार्थनापुस्तकें मात्र शेकड्यांनीं सुस्थितींत आहेत.

छापखाना आल्यावर हा खेळ फिरला. छापण्याची शाई पातळ थरांत बसते, गडद कागद झांकण्याचें बळ तिच्यांत नसतें. तेव्हां अक्षर कोरून काढावयाचें व भोंवतालचें सारें काळें छापावयाचें, म्हणजे कागदाचा पांढरेपणाच अक्षर होतो. आपल्याकडील इतिहासाच्या अभ्यासकांस ही युक्ति नवी नाहीं. शिलालेखावर ओला कागद बसवून ब्रशानें ठोकला व वरून शाईची गादी फिरविली, कीं खोलगट अक्षरें पांढरीं राहतात. 'एपिग्राफिया इंडिका'मधील कित्येक ठसे असेच आहेत.

व्हिएन्ना येथील काळ्या प्रार्थनापुस्तकाची स्थिति याहून वेगळी आहे. चार्ल्स द बोल्ड याच्या संग्रहीं तें होतें असें मानतात. त्याचीं पानें सुटीं करून पारदर्शक तक्त्यांमध्यें ठेवावीं लागलीं. तें पुस्तक आतां कोणास उलगडतां येत नाहीं.