ताडीने फुगलेला नाताळ

भाईंदरच्या खारीहून वसई खाडीपलीकडे. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगिजांना दिली. त्यांच्याबरोबर 'पाव' हा शब्दही आला. पण पीठ फुगवायचे कशाने? उत्तर इथल्याच झाडावर होते : ताडी! तिच्यातले सूक्ष्म जीव साखर खाऊन वायू सोडतात. त्याने पीठ फुगते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगिजांचे राज्य गेले. पण ख्रिस्ती घरांत नाताळला ताडीत आंबवून तळलेले 'फुगे' राहिले. पुढे इंग्रजी वळणाचा मनुका-जायफळाचा केकही त्यांच्या शेजारी बसला. आता ताडीची जागा बाजारचे यीस्ट घेत आहे. म्हणून गुरुजनहो, ताडीचे माप ठाऊक असलेल्या आजीबाईंकडून ते मुलांना वहीत उतरवून घेऊ द्या. इतिहासाचा तोही कागदच आहे.