इंगय कुठी हाये? : शेगडीची कुळकथा

उन्हाळ्यात आमच्याकडचा सिलिंडर संपला आणि दुसरा यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात वर्ध्याच्या घरात इंडक्शनची शेगडी आली. आर्वीकडून आलेली माझी मोठी आई ओट्याशी उभी राहून बराच वेळ तिच्याकडे पाहत होती. काळी गुळगुळीत काच, तिच्यावर लुकलुकणारे आकडे, बाकी काही नाही. शेवटी म्हणाली, "बापू, शेगडी म्हनते तू हिले, मंग इंगय कुठी हाये?"

इंगय म्हणजे इंगळ, निखारा. आमच्या वर्ध्याच्या पश्चिमेकडच्या बोलीत ळचा य होतो. मी हसलो आणि बटण दाबलं. तिनं सवयीनं जर्मनचा गंज, म्हणजे पातेलं, वर ठेवला, शेगडीनं पीं पीं केलं आणि ती बंद पडली. तिचा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. पुढचे कित्येक दिवस मी कोश उलटेपालटे केले आणि एके दिवशी अमरसिंहाच्या संस्कृत कोशात, अमरकोशात, उत्तर सापडलं. मोठ्या आईचा प्रश्न सुमारे दीड हजार वर्षं जुना निघाला.

अमरकोशाच्या दुसऱ्या कांडातला वैश्यवर्ग हा अमरसिंहाचा संसारवर्ग. शेती, धान्य, भांडीकुंडी, स्वयंपाक, सगळं त्यात आहे. तिथं आधी चुलीची नावं येतात, त्यांत चुल्ली आहेच. तिच्या शेजारीच दुसऱ्या वस्तूची नावं येतात: अंगारधानिका, अंगारशकटी, हसंती, हसनी. निखारे ठेवायचं, उचलून नेता येणारं पात्र. हसंती म्हणजे हसणारी. राखेतून निखारे चमकतात तेव्हा दात दिसल्यासारखे वाटतात, हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार. पण माझं लक्ष अडकलं ते अंगारशकटीपाशी. अंगार म्हणजे निखारा, शकटी म्हणजे छोटी गाडी. निखाऱ्यांची गाडी.

प्राकृतात शकटाचं सगड झालं. मकराची मगर झाली तसा दोन स्वरांमधल्या कचा ग, घटाचा घडा झाला तसा टचा ड. गुजरातीत शेगडीला आजही सगडी म्हणतात. आपल्याकडे नागपूर-वर्ध्याच्या हिंदी बोलणाऱ्या घरांत तीच सिगडी. आणि सिंदुराचा मराठीत शेंदूर होतो, तशी सिगडीची शेगडी होते. स आणि इ शेजारी आले की मराठीत श आणि ए व्हायला वेळ लागत नाही. राहता राहिला अचा इ. 'शकटी'तल्या पहिल्या अक्षरात इ आला कुठून? त्याचं उदाहरण खुद्द मोठ्या आईच्या तोंडी होतं. अंगाराचा इंगळ होताना नेमकं हेच घडलं आहे, पक्वाचं पिकणं होतानाही तेच. अंगार आणि शकटी या एका समासातल्या दोन बहिणी. मराठीत येताना दोघींचाही अ सुटून इ लागला, एक इंगळ झाली आणि दुसरी शेगडी. मोठ्या आईनं नकळत समासाच्या एका अर्ध्याला दुसऱ्या अर्ध्याचा पत्ता विचारला होता.

आता विरोधी पक्ष. ज्याला ज्याला मी हे सांगितलं, त्यानं एकच उत्तर दिलं: अहो, शेकणे वरून शेगडी, त्यात एवढं काय! दिसायला ही व्युत्पत्ती फार गोड आहे. थंडीत शेगडीपाशी माणूस शेकतोच, बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी असतेच. पण शेकणे या क्रियापदापासून मराठीनं जो शब्द खरोखर घडवला तो शेकोटी, आणि त्यात क जसाच्या तसा आहे. शेक, शेकणे, शेकोटी, सगळीकडे क टणक उभा. मग शेगडीतच तो विरघळून ग का व्हावा? आणि शेकणे हेच मूळ असेल, तर गुजरातीतल्या सगडीत ए चा मागमूस का नाही?

दुसरा पक्ष कन्नडचा. कन्नडमध्ये सेके म्हणजे उकाडा, ऊब. मराठीनं स्वयंपाकघरात दक्षिणेकडून पुष्कळ घेतलं आहे, म्हणून हा पक्ष मी सहज झटकत नाही. चूल हाच शब्द घ्या. संस्कृतातली चुल्ली मुळात द्राविडी असावी, असं म्हणणारे अभ्यासक आहेत आणि तमिळमधली चूळै म्हणजे भट्टी ते पुढे करतात. चुलीला चिकटून जो दुसरा लहान जाळ असतो त्या वैलाशी कन्नडमधल्या ओलेचं, म्हणजे चुलीचं, नातं असावं असं मला वाटतं. हा माझा अंदाज, कोशाचा दाखला नाही. पण शेगडीच्या बाबतीत नकाशा उलटा आहे. सगडी-सिगडीची भावंडं उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे पसरलेली. सेके एवढी वर चढली आणि वाटेत स्वर बदलत गेली, हे पटायला कठीण.

माझ्या पक्षालाही एक भेग आहे, ती लपवत नाही. शकटाचा दुसरा वंशज आपल्या विदर्भातच धावतो, तो म्हणजे छकडा. ओझ्याला बंडी, बसायला रेंगी आणि पळवायला छकडा, अशी आमच्याकडची वाटणी. शावकाचा छावा झाला तसा आरंभीच्या शचा छ झाला, हे ठीक. पण छकड्यात क शाबूत आहे! मग एकाच शकटाच्या एका नातवात क आणि दुसऱ्या नातवात ग, हे कसं? माझं उत्तर असं: छकडा उत्तरेच्या बोलींतून, क दुहेरी होऊन आला असणार. दुहेरी व्यंजन पुढे एकेरी झालं तरी कठोरच राहतं. शेगडी मात्र प्राकृताच्या सरळ वाटेनं, मऊ पडत आली. शेकणे-पक्ष म्हणेल की ही सोयीची पळवाट झाली. म्हणू दे. आणि तडजोड म्हणून एवढंही देतो, की शेगडीतला ए पक्का व्हायला शेकण्याचा शेजार कामी आला असेल. पण घर शकटीचं, शेक फक्त शेजारी.

मग निखाऱ्याच्या पात्राला गाडी का म्हणायचं? तीन शक्यता दिसतात. त्याला खरोखर चाकं असतील. किंवा चार पायांवरची ती पेटी गाडीच्या साटीसारखी दिसत असेल. किंवा, आणि मी इथं उभा आहे, गाडी म्हणजे वाहून नेणारी. चूल जागची हलत नाही. म्हणून तर वेगळं होणाऱ्याला वेगळी चूल मांडावी लागते, अख्ख्या घराला बोलावणं केलं की ते चूलबंद असतं आणि घरोघरी मातीच्याच चुली असतात. चूल म्हणजे पत्ता. शेगडीची एक तरी म्हण आठवते का? नाही, कारण शेगडी कुणाचं घर नसते. ती बाळंतिणीच्या खोलीत जाते, अंगणात जाते, पावसात ओसरीवर येते. अमरसिंहानं चुल्ली आणि अंगारशकटी यांच्या नावांची भेसळ केली नाही, ती याच भेदामुळे.

जाता जाता एक गंमत. शूद्रकाच्या नाटकात चारुदत्ताच्या पोराच्या हाती मातीची गाडी देतात, त्याला सोन्याची हवी असते, आणि वसंतसेना ती दागिन्यांनी भरून देते. मृत् अधिक शकटिका, मृच्छकटिक. देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणलं. अक्षरशः अर्थ लावायचा तर आमच्या कुंभारवाड्यात मिळणारी मातीची शेगडी हेही मृच्छकटिकच.

चुलीची पुढची कथा मात्र वर्ध्याशिवाय सांगता येत नाही. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पांनी तो चालवला. 1938 च्या अखेरीस गांधीजींच्या हस्ते तिथं मगन संग्रहालय उघडलं. घाणी, कागद, वनस्पतितेलावर जळणारा मगन दीप आणि धूर नळीवाटे बाहेर घालवणारी मगन चूल. जळण तेच, पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, फक्त बाईच्या डोळ्यांतलं पाणी कमी. बघा, मगन शेगडी नव्हे, मगन चूल. ती मांडायची होती, लिंपायची होती, भिंतीला नळी जोडायची होती. सूर्यचूल या शब्दाचं काय, असं कुणी विचारेल. ती तर उन्हाप्रमाणे फिरवावी लागते, मग चूल कशी? माझ्या मते तो शब्द स्वयंपाकघरात जन्मला नाही, कार्यालयात जन्मला.

बाकीचे टप्पे सगळ्यांना ठाऊक आहेत. भुशाची शेगडी, कोळशाची शेगडी, मग रॉकेलचा फरफरणारा स्टो. 1950 च्या दशकात मुंबईत गॅसची टाकी आली. गॅस हा शब्दही मूळचा ग्रीकांच्या केऑसवरून, म्हणजे आदिम गोंधळावरून घडवलेला. 2016 च्या उज्ज्वला योजनेनं टाकी खेड्यात नेली. फेब्रुवारी 2021 मध्ये नितीन गडकरींनी 'गो इलेक्ट्रिक' मोहीम सुरू करताना विचारलं, की गॅसला सूट देतो तशी विजेवरच्या स्वयंपाकाला का देऊ नये. या सगळ्या धांदलीत एक गोष्ट कुणी ठरवून केली नाही, तरी एकजात झाली. गॅसची चूल कुणी म्हटलं नाही, विजेची चूल कुणी म्हटलं नाही. दोन्ही शेगड्याच.

आणि इथं माझा मुख्य मुद्दा. अंगारशकटी मराठीत येता येता तिचा अंगार गळाला. नुसती शकटी उरली, निखारे वगळून गाडी. शब्दानं निखारे शेकडो वर्षांपूर्वी टाकले, वस्तूनं मात्र टाकले नव्हते. कोळशाच्या शेगडीत ते होतेच. गॅसमध्ये निदान निळी ज्योत होती. पांढऱ्या मातीच्या चकतीतली वेटोळी तार, जिला आम्ही हीटर म्हणायचो, तीही लाल होऊन निखाऱ्याची नक्कल करायची. इंडक्शनमध्ये पहिल्यांदाच काही नाही. काचेखाली तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारी वीज जाते, तिचं चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या लोखंडी बुडात भोवऱ्यासारखे प्रवाह उठवतं, आणि तापतं ते भांडं. शेगडीला जी धग लागते ती उलट भांड्याकडून आलेली. फॅरडेनं 1831 मध्ये शोधलेल्या प्रवर्तनाचंच हे काम. मोठ्या आईचा गंज ॲल्युमिनियमचा. त्याला चुंबक चिकटत नाही आणि विजेला अडथळाही फारसा होत नाही, म्हणून शेगडीनं तो ओळखलाच नाही. (त्याला आपण जर्मन म्हणतो ती आणखी एक उसनवारी. जर्मन सिल्व्हर हा तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू, त्यात चांदी नाही. त्याचं नाव दुसऱ्याच पांढऱ्या धातूला चिकटलं, आणि तो तर जर्मनही नाही.) थोडक्यात, अंगार नसलेली शकटी. वस्तू शेवटी आपल्या नावापाशी पोचली.

मग अंगार गेला कुठं? चंद्रपूरला. तिथल्या औष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट. ग्रीडमधली वीज अमुकच ठिकाणची, असं बोट दाखवता येत नाही, पण महाराष्ट्राच्या विजेत कोळशाचा वाटा आजही सर्वांत मोठा आहे. त्या कोळशाच्या पट्ट्याचं नाव वर्धा खोरे. आणि 1870 च्या दशकात वरोऱ्याच्या खाणीतला कोळसा काढून आणायला वर्ध्यापासून जो लोहमार्ग टाकला, त्याचं सरकारी नाव होतं वर्धा कोल स्टेट रेल्वे. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. अंगारशकटीचं याहून नेमकं इंग्रजी भाषांतर शोधून सापडणार नाही.

कुमारप्पांनी 1945 च्या 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' मध्ये पृथ्वीच्या संपत्तीचे दोन भाग पाडले होते. कोळसा, पेट्रोलियम, धातू हे साठे, संपणारे. नदीचं वाहतं पाणी आणि वाढतं रान हे प्रवाह, टिकणारे. मगनवाडीपासून दोन किलोमीटरवरच्या माझ्या ओट्यावर त्यांनी हीच विचारणा केली असती, की ही वीज साठ्यातली की प्रवाहातली? मोठ्या आईचा प्रश्नही वेगळा नव्हता. इंगय कुठी हाये, एवढंच तिला हवं होतं.

तिचा पुढचा आक्षेप मात्र मला खोडता आला नाही. वांगं कशावर भाजू, आणि रोडगे कशात घालू? भरताचं वांगं निखाऱ्यात आणि रोडगे गोवऱ्यांच्या आरात. काचेवर यातलं काहीच होत नाही. तिनं अंगणात तीन विटा मांडल्या आणि वांगं भाजलं. त्याला ती चूलच म्हणाली.

आता एक धास्ती वाटते. घरातली पोरं शेगडी म्हणतच नाहीत, "इंडक्शनवर ठेव" म्हणतात. वस्तू नावापाशी पोचली आणि नाव निघून चाललं. म्हणून वाचकांना एक मागणी. कुणाच्या वाड्यात, माळ्यावर, देवघराच्या अडगळीत चाकं असलेली शेगडी असेल, मातीची, लोखंडाची, पितळेची, कसलीही, तर तिचा फोटो काढून ठेवा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, की या शेगडीला काय म्हणत. उत्तर 'सगडी' आलं तर मला कळवा. शेकणे-पक्षाशी माझं अजून मिटलेलं नाही.