अमर पेशी, कर्करोगी पेशी

फुप्फुसाचा कर्करोग ध्यानात येतो तेव्हा त्याच्या आरंभाला बहुधा अनेक वर्षे लोटलेली असतात, आणि म्हणूनच श्वसनींच्या आतील अस्तराच्या पेशी, म्हणजे अभिस्तर पेशी, शरीराबाहेर वाढवून त्यांच्यातील बदल टप्प्याटप्प्याने पाहण्याचे तंत्र संशोधकांना घडवावे लागले.

त्यातील पहिला अडथळा आयुर्मर्यादेचा होता. निरोगी मानवी पेशी प्रयोगशाळेत ठरावीक वेळाच विभागतात, हे लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील रॉजर रेडेल, कर्टिस हॅरिस व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये श्वसनीच्या पेशींत एसव्ही४० या विषाणूची जनुके शिरवून ही मर्यादा ओलांडली आणि त्यातूनच ‘बीईएएस-२बी’ हा पेशीवंश जन्मला. परंतु या विषाणूचे प्रथिन पी५३सारखी संरक्षक प्रथिने निकामी करत असल्याने या पेशी प्रारंभापासूनच निरोगी पेशींहून वेगळ्या होत्या. २००४ मध्ये डॅलसच्या जॉन मिन्ना व जेरी शे यांच्या गटाने विषाणूची ही प्रथिने टाळली आणि गुणसूत्रांची टोके राखणारे टेलोमरेज व विभाजनाला चालना देणारे सीडीके४ यांच्या साहाय्याने पेशी अमर केल्या.

अशा पेशी अविरत विभागत असल्या तरी त्या कर्करोगी नव्हत्या. निरोगी अभिस्तर पेशीला वाढण्यासाठी आधाराचा पृष्ठभाग लागतो, तर कर्करोगी पेशी मऊ अगार या जेलीसारख्या माध्यमात अशा आधाराविनाही वाढते. शिवाय प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या उंदरात पेशी गाठ निर्माण करते का, हेही तपासले जाते.

पेशी कर्करोगी होण्यातील काळाचा वाटा स्पष्ट झाला तो २०१७ मध्ये. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील स्टीफन बेलिन व हरिहरन ईश्वरन यांच्या गटाने अमर केलेल्या श्वसनी-पेशींना सिगारेटच्या धुराचा अर्क १५ महिने दिला, तेव्हा डीएनएवर मेथिल गट चढून अनेक जनुके हळूहळू मूक होत गेली. त्यानंतर केआरएएस या जनुकाचे एकच उत्परिवर्तन घडवताच त्या पेशी कर्करोगी झाल्या. धुराचा स्पर्श नसलेल्या पेशींत तेच उत्परिवर्तन पुरेसे ठरले नाही.

प्रयोगशाळेच्या बशीत ना रक्तप्रवाह असतो ना प्रतिकारसंस्था, त्यामुळे हा प्रयोग म्हणजे संपूर्ण रोग नव्हे; तरीही उत्परिवर्तन घातक ठरण्यापूर्वी पेशीची पूर्वतयारी महिनोन्‌महिने चाललेली असू शकते, हे त्याने सिद्ध केले, आणि प्रतिबंधाचे खरे कार्यक्षेत्र हाच दीर्घ काळ आहे.